जुनं ब्रॉडकॉम वाय-फाय कार्ड लिनक्सवर कसं चालवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००९ च्या सुमाराचा डेल इन्स्पिरॉन, कोअर टू ड्युओ प्रोसेसर, ४ जीबी रॅम. विंडोजवर फार रखडत होता म्हणून डेबियन १२ (लिनक्सचं एक वितरण) टाकलं. आवाज, स्क्रीन, टचपॅड सगळं लगेच चाललं, पण वाय-फायची यादीच येईना. एका ओळखीच्याने ब्रॉडकॉमचा ‘एसटीए’ ड्रायव्हर टाकून दिला. त्यावर काही दिवस छान चाललं आणि एका अपडेटनंतर पुन्हा गेलं. दुकानदार म्हणतो कार्ड जळालं, डोंगल घ्या. आणखी कुणी सांगितलं की ‘एनडीआयएस-रॅपर’ वापरून विंडोज एक्सपीचा ड्रायव्हर चढवा.

डोंगल घेऊ नका, निदान इतक्यात तरी. जे कार्ड काही दिवस नीट चाललं आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाल्यावर पहिल्याच रिस्टार्टला गप्प झालं, ते जळालेलं नसतं. पूर्ण निकामी झालेलं कार्ड बहुतेक वेळा हार्डवेअरच्या यादीतही येत नाही. तुमच्या कार्डाला हवंय फर्मवेअर, आणि मधल्या काळात टाकलेल्या दुसऱ्या ड्रायव्हरचे अवशेष काढून टाकायला हवेत. तासाभराचं काम आहे.

एक सूचना आधीच देतो. खाली कमांड आणि पॅकेजांची नावं देवनागरीत लिहिली आहेत; टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची. जिथे अक्षरं सुटी उच्चारली आहेत तिथे ती सुटीच समजा. पॅकेजचं नाव लांब असेल तर निम्मं टाइप करून टॅब दाबा, बाकीचं आपोआप पूर्ण होतं आणि स्पेलिंगची चूकही होत नाही.

पहिलं काम म्हणजे कार्ड नक्की कोणतं आहे ते पाहणं. लॅपटॉपवरचं स्टिकर, बिलावरचं नाव, कंपनीच्या साइटवरचं मॉडेल, यातलं काहीही धरून चालू नका. टर्मिनल उघडा आणि लिहा:

एलएसपीसीआय -एनएनके -डी १४ई४:

शेवटचं अपूर्णविराम चिन्ह विसरू नका. १४ई४ हा ब्रॉडकॉमचा निर्माता क्रमांक आहे, त्यामुळे फक्त त्याच कंपनीच्या चिपांची माहिती येईल. तुमच्या काळातल्या इन्स्पिरॉनवर साधारण असं दिसतं: ०सी:००.०, नेटवर्क कंट्रोलर, बीसीएम४३१२ ८०२.११बी/जी एलपी-पीएचवाय, आणि चौकटी कंसात १४ई४:४३१५. हा कंसातला आकडा खरा. बाकी सगळी नावं गोंधळ घालणारी आहेत. याच कार्डाला डेल ‘वायरलेस १३९५’ किंवा ‘१३९७’ म्हणते. चिपचं नाव बीसीएम४३१२ आहे, पण ज्या कार्डाचा क्रमांक १४ई४:४३१२ असतो ती चिप बीसीएम४३१२ नसून बीसीएम४३११ असते. केवळ ४३१२ हा आकडा पाहून दुसऱ्याच चिपसाठी लिहिलेल्या सूचना पाळल्यामुळे कितीतरी लोकांचं काम अडलेलं मी पाहिलंय. म्हणून कुठेही मदत मागताना हे चार-चार अक्षरांचे दोन गट जसेच्या तसे लिहा.

त्याच आउटपुटमध्ये खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ येते. तिथे ‘बी४३-पीसीआय-ब्रिज’ असं दिसलं तर ड्रायव्हर लागलाय असं समजू नका. या पिढीच्या ब्रॉडकॉम चिपांच्या आत एक स्वतंत्र अंतर्गत बस (माहितीची ने-आण करणारा मार्ग) असते, आणि ‘ब्रिज’ हा फक्त त्या बसपर्यंत पोहोचवणारा ‘एसएसबी’ मॉड्यूलचा (कर्नलमध्ये हवा तेव्हा भरता येणाऱ्या सुट्या तुकड्याचा) भाग आहे. रेडिओ चालवणारा खरा ड्रायव्हर ‘बी४३’ हा त्याच्या पुढे बसतो आणि तो या ओळीत दिसत नाही. त्याची अवस्था कर्नलच्या नोंदींत वाचावी लागते:

सुडो डीमेसेज | ग्रेप बी४३

(डीमेसेज म्हणजे इंग्रजीत डी-एम-ई-एस-जी. डेबियनवर त्याला सुडो, म्हणजे प्रशासकाचा अधिकार, लागतं.) एसटीएचे अवशेष नसतील तर इथे ‘यूकोड१५.एफडब्ल्यू’ ही फर्मवेअर फाइल सापडली नाही अशी तक्रार दिसेल. नव्याने डेबियन टाकलं तेव्हा तुमची अडचण हीच होती.

फर्मवेअर आणि ड्रायव्हर यांतला फरक इथे समजून घेतला की पुढचं सगळं सोपं जातं. ड्रायव्हर हा कर्नलचा भाग. तो तुमच्या प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर हा कार्डाच्या आतल्या छोट्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्राम. या कार्डात तो कायमचा साठवलेला नसतो. दर वेळी सुरू होताना ड्रायव्हरने डिस्कवरून उचलून कार्डात भरायचा असतो. विंडोजमध्ये तो ड्रायव्हरच्या फाइलमध्येच दडलेला असायचा, म्हणून त्याचं वेगळं अस्तित्व कुणाला जाणवलं नाही.

मग तुम्ही रास्त शंका काढली आहे: डेबियन १२ पासून तर इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर दिलेलं असतं, इंटेलच्या कार्डांना ते मिळतंही, मग याला का नाही? कारण ब्रॉडकॉमने या जुन्या चिपांचं फर्मवेअर सुटं करून पुन्हा वाटण्याची परवानगी कधी दिली नाही. परवानगीच नसेल तर कोणतंही वितरण ते आपल्या डिस्कवर ठेवू शकत नाही. त्यावर काढलेला मार्ग असा: ब्रॉडकॉमच्या जुन्या ड्रायव्हरची फाइल तुमच्याच संगणकाने इंटरनेटवरून उतरवायची आणि ‘बी४३-एफडब्ल्यूकटर’ नावाच्या प्रोग्रामने तिच्यातून फर्मवेअरचे तुकडे कापून काढायचे. हे काम करणारं पॅकेज डेबियनच्या ‘कॉन्ट्रिब’ विभागात आहे. म्हणजे इन्स्टॉलर कितीही परिपूर्ण असला तरी या कार्डाला पहिल्यांदा दुसऱ्या मार्गाने इंटरनेट द्यावंच लागतं.

आता तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यांविषयी. ते देणाऱ्यांनी मुद्दाम चुकीचं सांगितलेलं नाही. ते सल्ले एका काळी बरोबर होते. ब्रॉडकॉमने त्या वेळी लिनक्ससाठी माहिती द्यायला नकार दिला होता. तेव्हा काही स्वयंसेवकांनी दोन गट केले. एका गटाने बंद ड्रायव्हर उलगडून तो काय करतो याचं साध्या भाषेत वर्णन लिहिलं. दुसऱ्या गटाने मूळ कोड न बघता, फक्त त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. कायद्याच्या दृष्टीने स्वच्छ राहावं म्हणून घेतलेले हे कष्ट. त्यातून २००६ मध्ये २.६.१७ कर्नलात पहिला ड्रायव्हर आला आणि जानेवारी २००८ मध्ये २.६.२४ बरोबर त्याचा सुधारलेला अवतार, बी४३. पण तुमच्या कार्डातली कमी वीज खाणारी ‘एलपी-पीएचवाय’ रचना वेगळी होती. तिचा आधार डिसेंबर २००९ मधल्या २.६.३२ कर्नलात आला. त्याआधी लॅपटॉप घेतलेल्यांना खरंच दोनच पर्याय होते: ब्रॉडकॉमचा बंद ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हर, म्हणजेच एसटीए, किंवा एनडीआयएस-रॅपर. २००८-०९ च्या मार्गदर्शिका तेच सांगतात आणि शोधल्यावर आजही आधी त्याच सापडतात. डेबियन १२ चा कर्नल ६.१ आहे. बी४३ त्यात आधीपासून आहे. ज्या लोकांनी पगाराशिवाय, चिपच्या कागदपत्रांशिवाय हे उभं केलं त्यांच्यामुळे तुमचा लॅपटॉप आज भंगारात जात नाहीये, आणि मला हे सांगायला मनापासून आवडतं.

माझा आग्रह म्हणून स्पष्ट आहे: १४ई४:४३१५ साठी बी४३ च वापरा. डब्ल्यूएल कधीकधी वेगात किंचित सरस वाटतो, पण त्याचा मधला मोठा भाग तयार बायनरी आहे, ब्रॉडकॉमची शेवटची आवृत्ती २०१५ ची आहे, आणि कर्नल बदलला की त्याला वरून ठिगळं लावावी लागतात. एप्रिल २०१९ मध्ये त्यात सुरक्षेच्या गंभीर त्रुटीही जाहीर झाल्या होत्या. बी४३ कर्नलच्या आतच राहतो, कर्नल बदलला की तोही सोबत बदलतो. जुन्या यंत्रासाठी मार्ग निवडताना मी एकच पाहतो: पुढच्या अपडेटनंतर मालकाला पुन्हा कुणाला बोलवावं लागेल का.

तर कामाला लागू. इंटरनेटसाठी केबल असेल तर उत्तम. त्या लॅपटॉपचं केबलचं पोर्ट लिनक्सवर सहज चालतं. नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमधून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. फोन घरच्या वाय-फायवर असला तरी चालतं, म्हणजे मोबाइल डेटाही खर्च होत नाही. डेबियनला तो वायरचं नेटवर्क म्हणून लगेच दिसतो. केबल मात्र फक्त चार्जिंगची नको, डेटा नेणारी हवी.

नंतर आधीची साफसफाई, आणि तुमच्या बाबतीत हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. एसटीएचं पॅकेज स्वतःसोबत एक फाइल ठेवतं, जिच्यात बी४३, एसएसबी वगैरे मॉड्यूल लोड करू नका असा आदेश असतो. दोन ड्रायव्हर एकाच कार्डावर हक्क सांगू नयेत म्हणून ते बरोबरच आहे. पण पॅकेज नुसतं ‘रिमूव्ह’ केलं तर ‘ईटीसी’ फोल्डरातल्या सेटिंगच्या फाइली डेबियन मुद्दाम राखून ठेवतं. परिणाम असा की डब्ल्यूएल गेलेला असतो, बी४३ ला बंदी कायम असते, आणि डीमेसेजमध्ये एक ओळही येत नाही. ही पूर्ण शांतता पाहिली की बंदीची फाइल राहिलीय हे ओळखावं. म्हणून ‘रिमूव्ह’ न करता ‘पर्ज’ करा:

सुडो ॲप्ट पर्ज ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस ब्रॉडकॉम-एसटीए-कॉमन

यातलं एखादं पॅकेज नाही असं उत्तर आलं तर ते नाव गाळून पुन्हा चालवा. मग खात्री करा:

ग्रेप -आर बी४३ /ईटीसी/मॉडप्रोब.डी /लिब/मॉडप्रोब.डी

‘ब्लॅकलिस्ट बी४३’ असलेली एखादी ओळ अजून दिसली तर ती फाइल कुणीतरी हाताने बनवलेली आहे. ती उघडून त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह घाला. ‘ब्लॅकलिस्ट एसएसबी’ असेल तर तिलाही. शेवटी ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू’ चालवा, म्हणजे बूट होताना वापरली जाणारी प्रतही नवी होईल.

आता फर्मवेअर. ‘/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट’ ही फाइल सुडोसह नॅनो एडिटरमध्ये उघडा. ज्या ओळींत ‘बुकवर्म’ (डेबियन १२ चं टोपणनाव) आणि ‘मेन’ आहे त्या प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘कॉन्ट्रिब’ हा शब्द आहे का पाहा, नसेल तर जोडा. ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा विभाग इन्स्टॉलरने बहुधा आधीच लावलेला असेल, पण तो या कामाला पुरत नाही. लोक इथेच थांबतात. फाइल जतन करून:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल फर्मवेअर-बी४३-एलपीपीएचवाय-इन्स्टॉलर

नावातल्या ‘एलपीपीएचवाय’कडे लक्ष द्या, ते तुमच्या चिपसाठी आहे. बीसीएम४३११ किंवा ४३१८ वाल्यांनी तो शब्द नसलेलं ‘फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर’ घ्यायचं, आणि २००३-०४ च्या सुमाराच्या अगदी पहिल्या कार्डांसाठी ‘बी४३लेगसी’ नावाचं वेगळं आहे. इन्स्टॉल होताना ते ड्रायव्हरची फाइल उतरवतं आणि ‘एक्स्ट्रॅक्टिंग’ असं म्हणत एकेक तुकडा काढल्याच्या ओळी टर्मिनलवर येतात. त्या ओळी आल्याच नाहीत तर डाउनलोड फसलंय, पॅकेज मात्र ‘इन्स्टॉल झालं’ असंच दाखवेल. म्हणून ‘एलएस /लिब/फर्मवेअर/बी४३’ करून यूकोड१५ ची फाइल खरंच तिथे आहे ना ते बघा. नसेल तर त्याच इन्स्टॉल कमांडला ‘--रीइन्स्टॉल’ जोडून पुन्हा चालवा.

तुम्ही लिहिलंय की गावच्या शाळेलाही असेच काही जुने लॅपटॉप मिळाले आहेत. तिथे प्रत्येकावर हा खटाटोप करायची गरज नाही. एका यंत्रावर तयार झालेलं ‘/लिब/फर्मवेअर/बी४३’ हे पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या यंत्रावर त्याच जागी ठेवा. फर्मवेअर कार्डाच्या प्रोसेसरवर चालतं, त्यामुळे लॅपटॉप ३२ बिटचा असो वा ६४, कर्नल कुठलाही असो, तीच फाइल चालते. एकच अट, चिप त्याच गटातली हवी. त्या लॅपटॉपांत ॲटम एन२७० सारख्या प्रोसेसरची छोटी नेटबुकं असतील तर एक ध्यानात ठेवा: ती फक्त ३२ बिटची आहेत, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल देणं थांबवलं. त्यांच्यावर डेबियन १२ च ठेवा. तुमचा कोअर टू ड्युओ ६४ बिटचा आहे, तुम्हाला ती अडचण नाही.

आता रिस्टार्ट करा. मॉड्यूल हाताने काढून-घालूनही होतं, पण बंदीच्या फाइली काढल्यानंतर सरळ रिस्टार्ट बरा. पुन्हा डीमेसेज बघितल्यावर ‘लोडिंग फर्मवेअर व्हर्जन ४७८.१०४’ किंवा ‘६६६.२’ अशी ओळ दिसली पाहिजे. ती दिसली की कठीण भाग संपला. ‘आयडब्ल्यू डेव्ह’ या कमांडने कार्डाला मिळालेलं नाव कळेल. तुमच्याकडे ते डब्ल्यूएलपी१२एस० असायची शक्यता आहे: कार्डाची जागा ०सी होती, आणि षोडशमान पद्धतीतला सी म्हणजे दशमान १२. डब्ल्यूलॅन० हे जुन्या पद्धतीचं नाव शोधत बसू नका. आयडब्ल्यूकॉन्फिग जुनं झालंय, आयडब्ल्यूच वापरा. कमांड नसेल तर त्याच नावाचं पॅकेज घ्या.

इथवर येऊनही यादी रिकामी असेल तर ‘आरएफकिल लिस्ट’ चालवा. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने सुटेल. ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ असेल तर कुठलीही कमांड उपयोगाची नाही, लॅपटॉपच्या कडेचं सरकतं बटण किंवा अँटेनाचं चित्र असलेली की दाबावी लागेल. त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपांत हे बटण असतं आणि लोक ते विसरून गेलेले असतात. बटण झिजून कायमचं ‘बंद’ स्थितीत अडकलेलं असलं तर त्यावरही उपाय आहे. मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डाची २० क्रमांकाची पिन रेडिओ बंद करण्याचा संकेत आणते. त्या पिनवर उष्णता सोसणाऱ्या पिवळ्या कॅप्टॉन टेपची बारीक पट्टी लावली की संकेत कार्डापर्यंत पोहोचत नाही. हे करताना बॅटरी काढलेली हवी आणि हात स्थिर हवा. शेजारची पिन झाकली गेली तर कार्ड दिसायचंच बंद होतं. तसं झालं तर टेप काढून नीट लावायची.

कार्ड उघडलंच आहे तर अँटेनाच्या तारा तपासा. कधीतरी पंखा साफ करायला लॅपटॉप उघडला गेला असेल तर त्या सोन्याच्या टिकलीएवढ्या जोडण्या सुटलेल्या किंवा अर्धवट बसलेल्या आढळतात. लक्षण ठरलेलं असतं: राउटरच्या शेजारी बसलं की चालतं, पलीकडच्या खोलीत गेलं की तुटतं. पांढरी तार मुख्य, काळी दुय्यम. कार्डावर छोटे पांढरे-काळे त्रिकोण छापलेले असतात त्याप्रमाणे लावा. ‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी१२एस० लिंक’ सिग्नल दाखवतं. उणे ५० ते ६० च्या आसपास असेल तर छान, उणे ८० च्या पलीकडे गेला तर आधी तारा बघा, ड्रायव्हरला नंतर दोष द्या.

यापुढचा भाग लॅपटॉपचा नसून राउटरचा आहे, आणि गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या ‘जुनं कार्ड चालत नाही’ या तक्रारींपैकी पुष्कळ शेवटी इथेच सुटतात. तुमचं कार्ड ८०२.११बी आणि जी एवढंच जाणतं, म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्झ. हल्लीच्या फायबरच्या राउटरवर ५ गिगाहर्ट्झचं वेगळं नाव असेल तर ते नाव या लॅपटॉपवर कधीच दिसणार नाही. दोन्ही बँडना एकच नाव दिलं असेल आणि कार्ड धरसोड करत असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ साठी वेगळं नाव ठेवून बघा. तिथेच ‘मोड’ असा पर्याय असतो. तो ‘फक्त एन’ (म्हणजे ८०२.११एन) किंवा त्यापुढचा ठेवलेला असेल तर जी कार्डाला प्रवेश मिळत नाही, मिश्र मोड हवा. चॅनल स्वयंचलित न ठेवता १, ६ किंवा ११ वर लावा. भारतात १२ आणि १३ हे चॅनलही वैध आहेत, पण कार्डात दुसऱ्या देशाचे नियम लागू असतील तर त्या चॅनलांवरचं नेटवर्क त्याला दिसत नाही, किंवा दिसतं पण जोडता येत नाही. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ने कोणत्या देशाचे नियम चालू आहेत ते कळतं.

सुरक्षेचा मुद्दा सर्वांत नाजूक. फक्त डब्ल्यूपीए३ (वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत) ठेवलेल्या नेटवर्कवर हे कार्ड जोडण्याच्या नादी लागू नका. डब्ल्यूपीए२ ही आधीची पद्धत आणि एईएस हे सांकेतिकीकरण या जोडीवर ते उत्तम चालतं. बहुतेक राउटरवर ‘पाहुण्यांसाठी’ वेगळं नेटवर्क काढता येतं. तेवढं एक डब्ल्यूपीए२ वर ठेवा आणि जुनी यंत्रं तिथे जोडा. मुख्य नेटवर्क डब्ल्यूपीए३ वरच राहू द्या. पण जुन्या कार्डासाठी कुणी डब्ल्यूईपी ही फार जुनी सुरक्षा पद्धत चालू करायला सांगितलं तर ऐकू नका. तुमच्या कार्डाला त्याची गरज नाही, आणि डब्ल्यूईपी सहज मिळणाऱ्या साधनांनी काही मिनिटांत फुटतं.

आणखी एक खोड या चिपची आहे, विशेषतः छोट्या नेटबुकांवर. नेटवर्क जोडलं जातं, थोडा वेळ चालतं, मग थिजतं, आणि डीमेसेजमध्ये ‘फेटल डीएमए एरर’ दिसतं. अशा वेळी ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी/बी४३.कॉन्फ’ ही फाइल बनवून तिच्यात ‘ऑप्शन्स बी४३ पीआयओ=१ क्यूओएस=०’ ही एक ओळ लिहा आणि रिस्टार्ट करा. त्याने डेटाची ने-आण प्रोसेसरमार्फत होते. प्रोसेसरवर थोडा भार येतो पण थिजणं थांबतं. तो एरर दिसला तरच हे करा, उगाच आधीपासून नको.

वेगाची अपेक्षा नेमकी ठेवा. ८०२.११जी हे २००३ चं मानक, कागदावर ५४ मेगाबिट. प्रत्यक्षात सगळं जुळून आलं तर २० ते २५. पाठ वाचणं, मेल, साध्या गुणवत्तेचे व्हिडिओ, मुलांचा अभ्यास यांना ते पुरतं. मोठ्या अपडेटसाठी केबल लावा. आणि घरात हळू कार्ड सतत काही उतरवत असेल तर त्याच चॅनलवरच्या बाकीच्यांचाही वेळ ते खातं, कारण एका वेळी एकालाच बोलता येतं. हे घरातल्यांना सांगून ठेवलेलं बरं.

एसटीए मुळात का बंद पडला, हेही विचारलंत. तो ड्रायव्हर दर नव्या कर्नलसाठी तुमच्याच यंत्रावर पुन्हा बांधला जातो. ते काम ‘डीकेएमएस’ करतं आणि त्याला त्या कर्नलच्या ‘हेडर’ फाइली लागतात. टाकणाऱ्याने फक्त तेव्हाच्या कर्नलचे हेडर टाकले असावेत. नवा कर्नल आला, हेडर आले नाहीत, ड्रायव्हर बांधला गेला नाही. ज्यांच्याकडे बीसीएम४३१४२, म्हणजे १४ई४:४३६५ आहे, त्यांना मात्र बी४३ चा पर्यायच नाही, डब्ल्यूएलवरच राहावं लागतं. त्यांनी ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ हे समूह-पॅकेज टाकावं, म्हणजे प्रत्येक कर्नलसोबत हेडर आपोआप येतात. अपडेटनंतर रिस्टार्ट करण्याआधी ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहावं, आणि जुना कर्नल लगेच काढून टाकू नये. त्यांचे लॅपटॉप थोडे नवे असल्यामुळे सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर स्वतः बांधलेलं मॉड्यूल कर्नल नाकारतो; त्याची किल्ली नोंदवावी लागते किंवा बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करावं लागतं.

एनडीआयएस-रॅपरचा विचार सोडून द्या. एक्सपीचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये चालवण्याची ती युक्ती दुसरा मार्ग नव्हता तेव्हाची. तुमच्यापुढे मार्ग आहे.

एवढं करूनही कार्ड हार्डवेअरच्या यादीतच येत नसेल, तर ते बदलायला हरकत नाही, आणि तेव्हाही डोंगलआधी आतलं कार्ड बदलण्याचा विचार करा. ॲथेरॉसचं एआर९२८५ हे जुनं मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्ड दुरुस्तीच्या दुकानांत, भंगार लॅपटॉपांतून काढलेलं मिळतं. त्याचा ‘एटीएच९के’ ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे आणि त्याला वेगळं फर्मवेअर लागतच नाही. लावलं की चालतं. घेताना तुमच्या लॅपटॉपमधली जागा पूर्ण लांबीची आहे की अर्ध्या, ते मोजून जा. डेलवर सहसा अडचण येत नाही, पण त्या काळच्या एचपी आणि थिंकपॅडच्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड लावलं तर थिंकपॅड १८०२ हा एरर दाखवून बूटच होत नाही. ते लॅपटॉप असतील तर डोंगलच बरं. आणि डोंगल घेताना पाकिटावरच्या मॉडेलवर विसंबू नका. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एनचंच उदाहरण पाहा: आवृत्ती १ मध्ये ॲथेरॉसची एआर९२७१ चिप होती, आवृत्ती २ पासून रिअलटेकची आली, नाव तेच राहिलं. मीडियाटेकची एमटी७६०१यू ही स्वस्त चिप ४.२ कर्नलपासून आधार असलेली आहे, तिचं फर्मवेअरही डेबियनमध्ये मिळतं. दुकानात लावून ‘एलएसयूएसबी’ पाहायला मिळालं तर सगळ्यात चांगलं.

आता वरच्या क्रमाने करून बघा. अडलं तर तीन गोष्टी पूर्ण, न कापता पाठवा: एलएसपीसीआयचं आउटपुट, डीमेसेजमधल्या बी४३ च्या ओळी आणि आरएफकिल लिस्ट. फोटो काढला तरी चालेल, पण अक्षरं वाचता येतील असा. आणि राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ पानावर मोड, चॅनल आणि सुरक्षा या तीन ठिकाणी काय लिहिलंय तेही सोबत कळवा.